सहा दिवसांची अंडी

रत्नागिरीत कोणी आंबा वाढवतं, कोणी कोळंबी वाढवतं, ज्यांना दुसरं काही जमत नाही ते दाढी वाढवतात. मी फ्लू वाढवते. पगार घेऊन.

दिवाळी अंकात नोकरीबद्दल लिहिणार म्हटल्यावर आई म्हणाली, "सहा वर्षं झाली नाहीत अजून चिकटून, आणि लिहितेस काय? लोक रिटायर होऊन लिहितात." म्हटलं, रिटायर होईपर्यंत थांबले तर विसरेन. शिवाय यातली एक गोष्ट अशी आहे की जितक्या उशिरा सांगेन तितकी मी तिच्यात चांगली दिसायला लागेन. आत्ताच सांगितलेली बरी.

आमची लॅब म्हणजे एका कॉलेजच्या मागे, जुना सायकलस्टँड होता तिथे बांधलेल्या दोन खोल्या. दारावरच्या पाटीत मावत नाही एवढं मोठं नाव आहे, पण रिक्षावाल्याला "सर्दीवाली लॅब" म्हटलं की तो बरोबर आणून सोडतो आणि स्वतः गेटच्या बाहेरच थांबतो. घाबरायचं कारण नाही. आमचा विषाणू म्हणजे लॅबमध्येच पिढ्यान् पिढ्या वाढलेली जुनी जात आहे, अगदी घरकोंबडा. तरी पण स्थळ बघायला आलेल्या एका काकांनी "मुलगी काय करते?" विचारलं, आईनं खरं सांगितलं, आणि काकांनी उचललेला पोहे भरलेला चमचा परत बशीत ठेवला. ते स्थळ तिथेच राहिलं. पोहे मी खाल्ले.

गिऱ्हाईकं पण एकेक येतात. पावसकडचे एक बागायतदार पिशवीभर डाग पडलेले आंबे घेऊन आले होते. म्हणाले, "पोरी, तुमच्याकडे व्हायरस बघतात ना? मग हापूसाला काय झालंय तेवढं बघ." मी सांगितलं, काका, आमच्याकडे फक्त माणसाचा फ्लू बघतात, आंब्याचं दापोलीला शेतकी विद्यापीठात विचारा. तर म्हणाले, "दापोलीला जाऊन यायला दिवस मोडतो. तू आंब्याला माणूस समजून बघ." त्यांची नक्कल मी आजही करते. आंबा कानाशी धरून हलवायचे, तेवढंच केलं तरी लोक ओळखतात.

हां, नकला. ते सांगायलाच हवं, कारण काम मला नकलांमुळेच कळलं. लांज्याच्या शाळेत असताना मी गुरुजींपासून घंटा देणाऱ्या मामांपर्यंत सगळ्यांच्या नकला करायची. लॅबमध्ये लागल्यावर पंधरा दिवसांत आमच्या लिमये मॅडमची नक्कल तयार झाली. मॅडम म्हणजे लॅबच्या प्रमुख. चष्मा डोक्यावर ठेवून टेबलावर शोधणार, दर वाक्याला "असं बघ" म्हणणार, आणि काहीतरी वाईट सांगायचं असलं की आधी पेनाला टोपण लावून दोन क्षण गप्प बसणार. एकदा चहाच्या वेळी मी गंमत म्हणून एकेक गोष्ट काढून बघत होते. चष्मा काढला, तरी सगळे म्हणाले, मॅडम. "असं बघ" काढलं, तरी मॅडम. टोपण आणि ते गप्प बसणं काढलं, तर म्हणाले, "ही कोण? बँकेतल्या बाई?"

मॅडम दारात उभ्या होत्या. मला वाटलं, गेली नोकरी. त्या आत आल्या, चष्मा डोक्यावरच होता, आणि म्हणाल्या, "असं बघ, प्रणाली. आत्ता केलंस ना, तेच काम आपण इथे करतो. एकेक गोष्ट काढायची आणि काय बिघडतं ते बघायचं. ज्याच्या जाण्यानं बिघडलं, त्याचं काम कळलं." मग मला त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते.

फ्लूच्या विषाणूकडे सगळी मिळून आठ चिठ्ठ्या असतात. प्रत्येक चिठ्ठीवर एकदोन प्रथिनं कशी करायची ते लिहिलेलं. प्रथिनं म्हणजे त्याची कामकरी माणसं. ती इतकी बारीक की कोण काय काम करतं हे नुसतं बघून कळत नाही. मग चिठ्ठीतलं एखादं अक्षर बदलायचं. कधी ते आपोआपच बदलतं, कारण हा विषाणू स्वतःच्या चिठ्ठ्या उतरवून काढताना माझ्या शाळेच्या वहीपेक्षा जास्त चुका करतो. अक्षर बदललं की तो माणूस अधू होतो. आता बघायचं, घरात कुठलं काम अडलं.

एका प्रथिनाचं अक्षर बदललं, तर विषाणू पेशीला चिकटेचना. म्हणजे दाराची कडी धरायचं काम त्याचं. दुसऱ्याचं बदललं, तर विषाणू आत गेला, वाढला, सगळं झालं, पण बाहेर निघताना दारातच एकमेकांना चिकटून बसला, लग्नाच्या जेवणानंतर पान खात बसलेल्या पाहुण्यांसारखा. म्हणजे निरोप घ्यायचं काम त्या दुसऱ्याचं. फ्लूवरच्या एका जुन्या औषधाची तर उलटीच गंमत. औषधाला न जुमानणारे विषाणू शोधून काढले, त्यांच्या चिठ्ठ्या वाचल्या, तर बदल एकाच बारक्याशा प्रथिनात. तेव्हा कळलं, औषध त्यालाच पकडत होतं, आणि त्याचं काम आतलं छोटं दार उघडायचं. विषाणू बिघडतो आणि बिघडून चहाडी करतो. मला हे फार आवडतं. आमच्या घरात पण आई दोन दिवस माहेरी गेली तेव्हाच कळलं होतं, ती काय काय करते.

आता हे सगळं बघायचं कुठे, तर अंड्यात. कोंबडीचं फळलेलं अंडं दहा दिवस उबवायचं. आत पिल्लू धरलेलं असतं, त्याच्याभोवती पाणी असतं, त्या पाण्यात सुईनं विषाणू सोडायचा, भोक मेणानं बुजवायचं, आणि दोन दिवसांनी ते पाणी काढून घ्यायचं. मग खळगे खळगे असलेल्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये त्या पाण्यात कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशी घालायच्या. विषाणू नसेल तर पेशी खाली घरंगळतात आणि तळाशी कुंकवाची टिकली दिसते. असेल तर तो पेशींना धरून ठेवतो आणि लाल जाळी पसरते. टिकली म्हणजे नाही, जाळी म्हणजे आहे. एवढं कळलं की तुम्ही पण आमच्याकडे लागू शकता.

अंडी यायची काशीकाकूंकडून. काकू हरचेरीच्या पुढच्या एका वाडीत राहतात. लॅबमध्ये अंडी उबवायचं यंत्र आहे, पण मॅडम म्हणतात, "यंत्राची लाईट जाते. कोंबडीची जात नाही." म्हणून पहिले दहा दिवस काकूंच्या अंड्यांवर बसणाऱ्या खुडूक कोंबड्या आणि शेवटचे दोन दिवस यंत्र, अशी आमची वाटणी. रविवारी मी वाडीवर जायची, अंड्यांवर पेन्सिलनं तारीख घालायची, काकू सांगितलेल्या दिवशी कोंबडी बसवायच्या, आणि दहा दिवसांनी पेंढा घातलेल्या टोपलीतून अंडी लॅबमध्ये यायची.

काकू मला पहिल्यांदा म्हणाल्या होत्या, "बाय, दहा दिस उबवलेला अंडा तुमी खानार कसा गो?"

"खात नाही काकू. त्याला सर्दी करतो."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "आनि शिकली किती म्हनालीस तू?"

अंडी लॅबमध्ये आली की माझं पहिलं काम ठरलेलं. प्रत्येक अंडं अंधाऱ्या कोपऱ्यात दिव्यावर धरायचं. उजेडात आतलं दिसतं. दहा दिवसांचं असलं तर काळोखं पिल्लू हलताना आणि सगळीकडे शिरांचं जाळं. सहा दिवसांचं असलं तर नुसता कोळी बसल्यासारखा ठिपका आणि डोळ्याचं टिंब. वय बरोबर असलं, पिल्लू जिवंत असलं, की कवचावर पेन्सिलनं सुईची जागा करायची आणि रजिस्टरमध्ये त्या अंड्यापुढे बरोबरची खूण. छत्तीस अंड्यांना तास जातो. मान दुखते.

आता सुहासदादा. मूळ चिपळूणचे, तिथल्याच शाळेत विज्ञान शिकवायचे. वय चौतीस, एक मुलगी, आणि डोक्यात पीएचडी. शाळेनं बिनपगारी रजा दिली होती, ती जूनमध्ये संपणार होती. संपली की परत जायचं नाहीतर नोकरी जाणार. त्यांच्याकडचा विषाणू पुण्याच्या एका मोठ्या लॅबमधून बर्फात आला होता, मोजून सोळा कुप्या. त्याच्या आठव्या चिठ्ठीतलं एक अक्षर बदललेलं होतं. ते प्रथिन म्हणजे ग्रामपंचायतीचा शिपाई, चार कामं एकटा करणारा. चारही कामं जगाला माहीत होती. प्रश्न होता, या एका अक्षरानं चारातलं कुठलं काम अडतं? दादांचा होरा असा की विषाणूच्या प्रती वाढवायच्या कामात त्या अक्षराचा हात आहे, कारण हा बदललेला विषाणू अंड्यात वाढतच नव्हता. अडीच वर्षं टिकल्या. प्लेटमागून प्लेट टिकल्या. मी म्हणायचे, "दादा, एवढ्या टिकल्यांत हळदीकुंकू होईल." ते म्हणायचे, "होऊ दे. टिकली आली की माझं बरोबर आहे."

जानेवारीतल्या एका गुरुवारी टोपली आली. काकू स्वतः घेऊन आल्या होत्या. त्याच दिवशी चार वाजता कॉलेजच्या गॅदरिंगची तालीम होती, माझ्या नकलांचा वीस मिनिटांचा कार्यक्रम. तीन वाजलेले. काकू दारात म्हणाल्या, "बाय, जरा बघून घे हां या खेपेला."

"हो काकू, बघते."

"नाय, म्हंजे नीट बघ."

"नीट बघते काकू, तुम्ही चहा घ्या." हे मी त्यांच्याच आवाजात म्हटलं. दाराशी उभा असलेला कॉलेजचा शिपाई हसला, काकू पण हसल्या, आणि पुढचं सांगायचं राहून गेलं.

मी अंडी बघितली नाहीत. छत्तीसच्या छत्तीस. वरच्या टोकाशी अंदाजानं पेन्सिलच्या खुणा केल्या आणि रजिस्टरमध्ये रांगेनं छत्तीस वेळा बरोबर, बरोबर, बरोबर. पाच मिनिटं लागली. इतक्या वर्षांत एकदाही तारीख चुकली नव्हती, आज काय चुकणार? तालमीला माझी नक्कल फार रंगली. त्याच वेळी सुहासदादा आत एकटे बसून अंड्यांत सुया घालत होते. अर्ध्यात त्यांचा बदललेला विषाणू, अर्ध्यात न बदललेला, तुलना करायला. त्यांना साडेपाचची एसटी पकडायची होती, मुलीला ताप होता.

दोन दिवसांनी अंडी फोडून पाणी काढायचं कामही माझंच. फोडली. पिल्लं लहान होती. मी बघितलं, लहान होती. पाणी पण कमी निघालं. मनाला म्हटलं, थंडी आहे, कोंबडी नीट बसली नसेल. हे मी मनाला म्हटलं, दुसऱ्या कोणाला नाही, कारण दुसऱ्यानं पहिला प्रश्न विचारला असता, "दिव्यावर कशी दिसली होती?"

सोमवारी दादांनी प्लेट लावली. मी बाटल्या पुसत होते. खूप वेळ आवाज नाही म्हणून वळून बघितलं. ते प्लेट उजेडाकडे धरून उभे होते. बदललेल्या विषाणूच्या सगळ्या रांगांत लाल जाळी.

मॅडम आल्या. त्यांनी प्लेट बघितली, पुन्हा लावायला सांगितली. पुन्हा जाळी. मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

"सुहास, दोन्ही विषाणू एकाच बैठकीत हाताळलेस?"

"हो मॅडम."

"मधे टेबल पुसून अर्धा तास थांबलास?"

दादांनी हातमोजे काढले. मग म्हणाले, "एसटी होती. थांबलो असं वाटतंय, पण शप्पथ नाही घेता येणार. माझ्याच हातून मिसळला असणार. चांगला, न बदललेला विषाणू त्यात गेला."

आमच्याकडे नियम आहे, साठ्याची शंका आली की तो ठेवायचा नाही. त्याच बैठकीत उरलेल्या कुप्यांची बुचं उघडली गेली होती. मॅडम म्हणाल्या, शनिवारी सगळं मोठ्या कुकरमध्ये घालून मारायचं. पुण्याला पुन्हा मागायचा, तो येणार कधी, वाढणार कधी. जून तोपर्यंत येऊन बसणार. ते कोणी म्हणालं नाही. दादांनी फक्त विचारलं, "मी टाकू की प्रणाली टाकेल?" आणि मी बाटली पुसत राहिले. त्यांना मी ओरडूनही सांगू शकले असते की पिल्लं लहान होती. नाही सांगितलं. एवढंच काय ते मी या नोकरीतलं मनापासून वाईट केलं, खोट्या खुणांपेक्षा वाईट.

बुधवारी पुढची अंडी ठरवायला वाडीवर गेले. काकू अंगण सारवत होत्या. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काकू, मागच्या खेपेला कोंबडी कधी बसवलीत?"

"अगो तेच तर सांगत व्हते तुला. तू सोमवार लिवलंस, आनि सोमवारी फाटफटी, उजाडायच्या आदी, पुतन्यानं मुंबईसून फोन केलान, आमचे लांबचे दीर गेले म्हनून. भावकीतलं सुतक लागलं. सुतकात कोन कोंबडी बसवील?"

"मग?"

"मग तीन दिस पाळलं, चवथ्या दिशी घर सारवलं, आनि शुक्रवारी बसवली. तुज्या तारखेला रबर नाय लावला हां मी. तुजं अक्षर हाय ते, मी कशाला हात लावू? म्हटलं, दिव्यावर धरशीलच तू. तुला दिसलंच असंल."

मयत मुंबईत, सुतक हरचेरीच्या कोंबडीला, आणि तेरावं सुहासदादांच्या पीएचडीचं. मी बोटं मोजली. शुक्रवार ते पुढचा गुरुवार, सहा दिवस.

काकूंनी विचारलं, "चुकला काय गो माजा?"

"तुमचं नाही काकू."

एसटीत परत येताना मी तयारी केली. तयारी म्हणजे काय, तर काकूंचा आवाज. सारवणाचा हात, "सुतकात कोन कोंबडी बसवील," सगळं बसवलं. हसत हसत सांगायचं, मॅडम हसतील, गोष्ट काकूंच्या सुतकाची होईल, माझ्या खुणांची नाही होणार. आमच्याकडे आधी एक मुलगा होता, त्यानं फ्रीजचं तापमान न बघताच रजिस्टरमध्ये लिहिलं होतं. मॅडमनी त्याला दुपारच्या आत घरी पाठवलं होतं. माझा करार मार्चमध्ये संपत होता. लांज्याला वडिलांचं दुकान बंद पडलेलं, घरात पगार माझा एकटीचा. हे सगळं एसटीत माझ्या शेजारी बसून आलं.

गुरुवारी सकाळी मी मॅडमच्या खोलीत गेले. सुहासदादा तिथेच होते, पुण्याला लिहायचं पत्र तयार करत. मी सुरू केलं. हात सारवणासारखा फिरवला, "अगो, सोमवारी फाटफटी..."

मॅडम म्हणाल्या, "प्रणाली, काय झालंय ते तुझ्या आवाजात सांग."

मला माझा आवाजच सापडेना. चार नकला करून झाल्यावर पाचवी जमत नाही तसं झालं. शेवटी म्हटलं, "मी अंडी बघितली नव्हती, मॅडम. छत्तीसपैकी एकही नाही. ती सहा दिवसांची होती. फोडताना पिल्लं लहान दिसली, तेव्हाच मला शंका आली होती. मी गप्प बसले."

मला वाटलं होतं, दादा ओरडतील. त्यांनी पत्राचा कागद उलटा ठेवला आणि मॅडमकडे बघितलं. मॅडम माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्यांचा चष्मा डोक्यावरून खाली आला होता.

"सहा?" त्या म्हणाल्या. "नक्की सहा?"

"शुक्रवारी बसवली. नक्की."

"सुहास, सहा दिवसांचं पिल्लू बोंब मारतं का?"

दादा उभेच राहिले. मला काही कळेना. मला ते नंतर कळलं, तुम्हाला आत्ताच सांगते. पेशीत विषाणू घुसला की पेशी गप्प मरत नाही. ती शिमग्यासारखी बोंब मारते, शेजारच्या पेशी सावध होतात, दारं लावून घेतात, आणि विषाणूची वाढ थांबते. आठव्या चिठ्ठीतल्या त्या शिपायाच्या चार कामांतलं एक काम म्हणजे पेशीच्या तोंडावर हात ठेवणं. आता दहा दिवसांच्या पिल्लाला बोंब मारता येते. सहा दिवसांच्या पिल्लाला अजून ती कला नीट आलेलीच नसते. म्हणजे बदललेला विषाणू दहाच्या अंड्यात मरत होता आणि सहाच्या अंड्यात वाढला असेल, तर त्याचं प्रती काढायचं काम शाबूत होतं. अडलं होतं ते तोंड दाबायचं काम. जिथे कोणी ओरडतच नाही, तिथे तोंड दाबणारा अधू असला काय आणि नसला काय. दादांनी अडीच वर्षं टिकल्या बरोबर मोजल्या होत्या, अर्थ मात्र दुसरा होता.

किंवा विषाणू खरंच मिसळला होता. दोन्ही शक्य होतं. शनिवारी कुकर लागला नाही. मॅडमनी एक कुपी पुण्याला पाठवली, चिठ्ठी वाचून घ्यायला. आणि काकूंना निरोप गेला: तीन कोंबड्या, तीन वेगळ्या दिवशी, म्हणजे एकाच दिवशी सहा, आठ आणि दहा दिवसांची अंडी हातात येतील. काकूंनी उलटा निरोप पाठवला, "आता भावकीतलं कोनी जायचं असंल तर आदी मला विचारून जायला सांगते."

मला मॅडमनी रजिस्टर पुढ्यात ठेवायला लावलं. खोडायचं नाही, रबर नाही. छत्तीस खुणांच्या शेजारी काय खरं झालं ते लिहायचं आणि सही करायची. मी लिहिलं. दोन ओळी झाल्या, पण लिहायला अर्धा तास लागला. मग मॅडम म्हणाल्या, "नोकरी राहील तुझी, स्वतःहून आलीस म्हणून. अंडी राहणार नाहीत. उद्यापासून ती सुहास बघेल. तू काचसामान धू."

धुतलं. एक गोष्ट मात्र सांगते, मॅडमनी त्या तिरंगी परीक्षेची प्लेट वाचायला मलाच बोलावलं. दादा वही घेऊन बसले होते, त्यांचे डोळे म्हणे आज विश्वासाचे नव्हते. मी वाचत गेले. "दहा दिवस. टिकली, टिकली, टिकली." दादा लिहीत होते. "आठ दिवस. टिकली, अर्धवट, टिकली, अर्धवट." मग सहाची रांग आली. मी नीट बघितलं. एकेक खळगा, वाकून, दोनदा. "जाळी," म्हटलं. "जाळी. जाळी. जाळी." दादांनी लिहायचं थांबवलं आणि वही छातीशी धरून बसून राहिले. पुण्याचं उत्तरही पुढच्या महिन्यात आलं. बदललेलं अक्षर बदललेलंच होतं, काही मिसळलं नव्हतं.

प्रबंध मे महिन्यात बांधून झाला. जूनमध्ये दादा शाळेत गेले. पहिल्या तासाला त्यांनी मुलांना काय शिकवलं म्हणाल तर, प्रत्येकानं आपापलं घरातलं एक काम एक दिवस करायचं नाही आणि काय अडतं ते लिहून आणायचं. दुसऱ्या दिवशी आठ आया तक्रार घेऊन आल्या.

तोंडी परीक्षा डिसेंबरात झाली, आमच्याच कॉलेजच्या छोट्या हॉलमध्ये. बाहेरून आलेले परीक्षक, पुढे मॅडम, मागे कॉलेजची मुलं. मी शेवटच्या ओळीत होते, चहाचे कप मोजत. मुलं मला ओळखत होती, गॅदरिंगवाली म्हणून. दादा छान बोलले. मग परीक्षकांनी प्रबंध मिटला आणि विचारलं, "सगळं जग दहा दिवसांची अंडी वापरतं. तुम्हाला सहाची वापरून बघावीत हे सुचलं कसं?"

सुचलं असं म्हणता आलं असतं. वाचनातून, विचारातून, काहीही. मॅडमनी पण काही इशारा केला नाही. दादा म्हणाले, "सुचलं नाही, सर. अंड्यांचं वय चुकलं होतं, आणि आमच्या सहकारी प्रणाली यांनी ते येऊन सांगितलं. त्या मागे बसल्या आहेत."

सगळा हॉल वळला. मुलांचे चेहरे आधीच हसरे झाले होते. आता काहीतरी करणार, काकूंचा नाहीतर मॅडमचा आवाज काढणार. मी उभी राहिले.

परीक्षक म्हणाले, "अंडी तपासण्याचं काम कोणाचं होतं?"

"माझं, सर."

"आणि तपासली नव्हती?"

"नाही, सर."

"आता तपासता?"

"आता मी भांडी धुते, सर."

हॉल हसला. अगदी टाळ्या वाजवून हसला. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं की मी काहीच केलं नाही आणि लोक हसले. मला ते मुळीच आवडलं नाही. मी खाली बघत उभी राहिले.

मॅडम हसल्या नव्हत्या. हसू संपेपर्यंत त्या थांबल्या, आणि परीक्षकांकडे वळून म्हणाल्या, "सोमवारपासून अंडी तीच बघणार आहे."